कुलूप कोणी उघडायचं?

दार जाड लाकडाचं होतं, लोखंडी पट्ट्या मारलेलं, आणि त्याला गंज चढलेलं जुनं कुलूप. म्हणजे आमच्या खेळात मी तसं सांगितलं होतं: मी गोष्ट सांगते, बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात, आणि अवघड काम जमलं का ते फाशानं ठरतं. टेबलावर प्रत्यक्षात होती ती नकाशावर पेन्सिलीनं मारलेली एक फुली. चोराचं पात्र खेळणारी माझी मैत्रीण खुर्ची पुढे ओढून बसली. तीन आठवडे ती अशा एखाद्या दाराची वाट बघत होती. पात्राच्या कागदावर तिनं हत्यारांची यादी काढली होती: दोन वाकडे हूक, एक चपटी पट्टी, तेलाची कुपी. तेलाची कुपी नियमांत कुठेच नव्हती, ती तिनं स्वतःच्या मनानं लिहिली होती.

"थांबा, हे माझं काम," ती म्हणाली आणि वीस बाजूंचा फासा मुठीत घेऊन घोळवायला लागली. तेवढ्यात पलीकडून जादूगार खेळणारा मित्र अगदी सहज म्हणाला, "अगं, कशाला? माझ्याकडे मंत्र आहे ना. उघडतो मी."

मंत्राला फासा लागत नव्हता. कुलूप दिसलं, मंत्र म्हटला, कुलूप उघडलं. नियम तसाच होता आणि तो मीच लिहिला होता. मित्राचं काही चुकलं नाही, त्याला मदतच करायची होती. मैत्रिणीनं फासा टाकला नाही, नुसता टेबलावर ठेवला. ठेवताना वर 17 होता. मग ती उरलेला वेळ हसत-बोलत खेळली, पण पात्राच्या कागदाकडे तिनं त्या रात्री पुन्हा पाहिलं नाही.

तो ठेवलेला फासा माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. त्यानंतर मी माझ्या खेळातले जादूचे नियम चार वेळा मुळापासून लिहिले, आणि प्रत्येक वेळी लिहायला बसले की आधी तो 17 डोळ्यांपुढे यायचा.

जादूचा समतोल म्हटलं की आपण सगळे आधी आकडेमोडीला लागतो. मीही लागले होते. माझ्या पहिल्या वहीत हिशेब असा होता: योद्ध्याचा वार आठ बाजूंच्या एका फाशाचा, अधिक 3. सरासरी 7.5. दहातले सहा वार लागतात असं धरलं तर प्रत्येक फेरीला 4.5. जादूगाराकडे दिवसाला 20 ऊर्जा, आगीच्या मंत्राला 4 ऊर्जा, आणि मंत्र हमखास लागणारा: सहा बाजूंचे चार फासे, सरासरी 14. म्हणजे पाच मंत्रांत 70. आता दिवसात चार लढाया आणि प्रत्येक लढाई चार फेऱ्यांची धरली, तर योद्धा सोळा फेऱ्यांत 72 पर्यंत जातो. 72 आणि 70! मला इतका आनंद झाला होता की त्या पानावर मी दोन वेळा अधोरेखित केलं.

टेबलावर झालं ते असं. पहिल्याच लढाईत जादूगारानं चार फेऱ्यांत चार मंत्र टाकले. 56. योद्ध्याच्या वाट्याला आले 18, आणि त्यातलेही निम्मे आधीच मरायला टेकलेल्या शत्रूवर. लढाई संपली आणि जादूगार म्हणाला, "माझी ऊर्जा संपत आली, इथेच मुक्काम करू." सगळे झोपले. सकाळी पुन्हा 20. दिवसात चार लढाया होतील हे फक्त माझ्या वहीला माहीत होतं. खेळाडूंनी एक लढाई केली आणि दिवस संपवला, आणि तसं न करण्याचं कोणतंही कारण मी त्यांना दिलेलं नव्हतं.

हे फक्त माझ्याच वहीत झालं असं नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच पात्रांच्या खेळाच्या 2014 च्या आवृत्तीत गेम मास्टरसाठी, म्हणजे माझ्यासारख्या गोष्ट सांगणाऱ्यासाठी, लिहिलेल्या पुस्तकातला हिशेबही असाच एका लांब दिवसावर उभा आहे: मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी पेलून मग विश्रांती. किती टेबलांवर एका दिवसात सहा चकमकी होतात? एका संध्याकाळी दोन झाल्या तरी वेळ संपतो. ऊर्जा मोजून देण्यात काहीच वावगं नाही, पण ती परत कधी मिळते हा प्रश्न ती किती आहे यापेक्षा मोठा आहे. मी पुढे झोपेचा आणि ऊर्जेचा संबंधच तोडला. ऊर्जा परत मिळायची ती मुक्कामाला पोचल्यावर, आणि वाटेत घालवलेल्या प्रत्येक रात्रीमागे शत्रूचा बेत एक घर पुढे सरकायचा. ते घर मी टेबलावर सगळ्यांना दिसेल असं काढायचे आणि त्यावर एक लाल सोंगटी ठेवायचे. ती सोंगटी सरकायला लागल्यावर "मुक्काम करू" हे वाक्य एकट्या जादूगाराचं राहिलं नाही. त्यावर सगळे मिळून वाद घालायला लागले.

पण कुलूप आकडेमोडीत येतच नव्हतं. ते उघडण्याचं नुकसान किती फाशांचं, हे कसं मोजायचं? म्हणून मी मागे जाऊन जुने नियम वाचायला लागले आणि तिथे मला एक गोष्ट सापडली, जी वाचून मी चक्क वही मिटून बसले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली पहिल्यांदा आलं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचं. त्यात पात्रांचे तीनच वर्ग होते: योद्धा, जादूगार आणि पुरोहित. चोर नव्हताच. तो आला 1975 च्या पुरवणीत. पण कुलूप उघडण्याचा मंत्र, 'नॉक', 1974 च्या यादीत होता. अदृश्य होण्याचा मंत्रसुद्धा होता. म्हणजे चोर जन्माला येण्याआधीच त्याची दोन कामं दुसऱ्याच्या नावावर लिहून झाली होती. 1978 च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या चोराला कुलूप उघडायची संधी शंभरात 25 होती. जादूगाराला मंत्र मिळेपर्यंत थांबावं लागे, पण मिळाला की तो हमखास.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. सुरुवातीला अंधाऱ्या भुयारात बंद दारं होती आणि ती कोणीतरी उघडायला हवी होती, म्हणून मंत्र आला. मग कोणालातरी वाटलं की हातानं कुलूप उघडणारं पात्र असायला काय हरकत आहे. दोन्ही गोष्टी चांगल्याच, फक्त त्या एकाच दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. माझ्या टेबलावरही तेच झालं होतं. मंत्रांची यादी मी एका रविवारी लिहिली आणि पात्रांचे वर्ग पुढच्या. दोन्ही पानं शेजारी ठेवून मी कधी वाचलीच नव्हती.

सुरुवातीच्या काळात या ताकदीला लगाम घालायचे जे उपाय निघाले, ते वाचताना मला त्या माणसांबद्दल फार आपुलकी वाटते. पहिला उपाय विसरण्याचा. लेखक जॅक व्हान्स यांच्या 1950 च्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातले जादूगार मंत्र कष्टानं डोक्यात कोंबतात आणि उच्चारला की तो पुसला जातो. गायगॅक्सनी ती कल्पना खेळात आणली. किती नेमकी कल्पना आहे ही! सकाळी उठून ठरवायचं की आज कशाची गरज पडेल, आणि दुपारी भलतंच संकट उभं राहायचं. यातली खरी किंमत अंदाज चुकण्याची. 1975 च्या 'टनेल्स अँड ट्रोल्स' या दुसऱ्या खेळानं वेगळी वाट धरली. तिथे मंत्र टाकला की जादूगाराची शारीरिक ताकदच खर्च होते, तो दमतो. 1978 च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये तर जादू सगळ्यांनाच येते, आणि मोठे मंत्र मिळवायचे तर आपल्या आत्मबळाचा एक तुकडा कायमचा द्यावा लागतो. 1981 च्या 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये मंत्राची किंमत मनाच्या स्थैर्यातून जाते. मंत्र जितका भयंकर, तितकं मन ढासळतं.

आणि काही किमती अशाही होत्या, ज्या फक्त कागदावर भरल्या जात. 1978-79 च्या नियमांत चपळाईचा मंत्र अंगावर घेतला की वय एक वर्षानं वाढायचं, आणि वाटेल ते मागण्याच्या मंत्रानं तीन वर्षांनी. कल्पना म्हणून अंगावर काटा येतो. पण खेळातलं पात्र साठ वर्षांचं होईपर्यंत कोण खेळतं? आपली मोहीम खेळातल्या काळात वर्ष-दोन वर्षांची. वीस वर्षांचा योद्धा आठ वेळा चपळ झाला तरी तिशीच्या आतच राहतो. ही किंमत म्हणजे कधीच वसूल न होणारी उधारी. मी माझ्या नियमांत अशी एकही किंमत ठेवायची नाही असं ठरवलं, जी त्याच संध्याकाळी, त्याच टेबलावर कोणाला तरी जाणवणार नाही.

याच जातीचा आणखी एक समतोल आहे, आणि त्याच्यावर माझा खरा राग आहे. 1978 च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचा जीव चार बाजूंच्या फाशावर आणि दिवसाला मंत्र एक. योद्ध्याचा जीव दहा बाजूंच्या फाशावर. मग लेव्हल वाढत जातात, योद्धा पायरी-पायरीनं चढतो आणि जादूगार वरच्या टप्प्यात आकाशाला भिडतो. याचं समर्थन असं करतात की सुरुवातीला जादूगार सोसतो, शेवटी त्याचं फळ मिळतं, हिशेब बरोबर. पण हा हिशेब पात्रांचा आहे, माणसांचा नाही. योद्धा खेळणारा माणूस आठव्या महिन्यातल्या संध्याकाळी तीन तास बसून आपल्या मित्राचे मंत्र बघत असतो, तेव्हा पहिल्या महिन्यात तो मित्र एकच मंत्र टाकून गप्प बसला होता ही आठवण त्याच्या काय कामाची? पहिल्या महिन्यात एकजण कंटाळला आणि आठव्यात दुसरा. दोन कंटाळ्यांची बेरीज शून्य होत नाही.

2008 च्या चौथ्या आवृत्तीनं हे धाडसानं निस्तरलं. सगळ्या वर्गांना सारखीच चौकट दिली: काही करामती कधीही, काही चकमकीत एकदा, काही दिवसात एकदा. योद्ध्यालाही तेच, जादूगारालाही तेच. आकड्यांचा समतोल इतका चोख त्या घराण्यात क्वचितच झाला असेल. तरी अनेक खेळाडूंना ती आवृत्ती रुचली नाही, सगळी पात्रं एकाच साच्यातली वाटतात म्हणाले. मला ती आवृत्ती मनापासून आवडते, पण तक्रारही समजते. जादूगार निवडणाऱ्याला काहीतरी वेगळं, नियमांच्या बाहेरचं वाटणारं हवं असतं. ते काढून घेतलं तर उरतो तो निळ्या रंगाचा धनुर्धारी.

मग मी जोखमीकडे वळले. माझा तिसरा मसुदा पूर्ण जोखमीवर होता आणि त्याचं बीज 2005 च्या 'वॉरहॅमर फँटसी'च्या दुसऱ्या आवृत्तीतलं. तिथे मंत्रासाठी दहा बाजूंचे फासे टाकतात. जास्त फासे, जास्त ताकद; पण दोन फाशांवर एकच आकडा आला की काहीतरी उलटतं. याचं गणित सुंदर आहे. एका फाशाला जोडीचा धोका नाही. दोन फासे टाकले तर शंभरात 10 वेळा जोडी येते, तीन टाकले तर 28 वेळा, चार टाकले तर जवळजवळ 50 वेळा. खेळाडूला टक्केवारी सांगावी लागत नाही, मूठ भरत गेली की हातालाच कळतं. आमच्या जादूगारानं पहिल्यांदा चौथा फासा उचलला तेव्हा खोलीत कोणी हललं नव्हतं.

तरी सहा आठवड्यांनी मी तो मसुदा बाजूला ठेवला. कारण एका रात्री मी वेळ लावून बघितला. आदल्या एका सत्राचं ध्वनिमुद्रण होतं, ते ऐकत कोण किती वेळ बोलतंय हे वहीत टिपत गेले. मंत्र यशस्वी झाला की सगळे जादूगाराबद्दल बोलत. उलटला की त्याहून जास्त वेळ जादूगाराबद्दलच बोलत: त्याचे केस पांढरे झाले, त्याची सावली उलट्या दिशेला पडायला लागली, आता याचं काय करायचं. जोखमीनं त्याची ताकद कमी झाली होती, जागा मात्र वाढली होती. चोराचं पात्र त्या सत्रात एकूण किती बोललं होतं ते मी इथे लिहीत नाही.

तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस चुकीच्या गोष्टीचा समतोल साधत होते. टेबलावर वाटून घ्यायची वस्तू एकच असते: "मग मी काय करू?" असं विचारायची आणि त्या उत्तराला अर्थ असण्याची संधी. नुकसानीचे फासे, ऊर्जा, पातळ्या हे सगळं त्या संधीच्या वाटपासाठी. आगीच्या मोठ्या गोळ्याचंच बघा. 2014 च्या नियमांत 'फायरबॉल'चं नुकसान सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28. त्याच आवृत्तीतल्या कोष्टकाप्रमाणे तिसऱ्या पातळीच्या, एकाच वेळी अनेकांना इजा करणाऱ्या मंत्राला सहाच फासे मिळायला हवेत, म्हणजे 21. आकड्यांनी हा मंत्र उघडउघड जड आहे, तरी त्यानं कोणाची संध्याकाळ बिघडल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. गोळा फुटतो, धूर होतो, निम्मे शत्रू उरतात, आणि योद्धा त्या धुरात घुसतो. कुलपाचा मंत्र मात्र एकही फासा न टाकता एका माणसाला घरी पाठवतो.

म्हणून आता प्रत्येक मंत्रापुढे मी एकच प्रश्न लिहिते: हा टाकल्यावर टेबलावरचा प्रश्न संपतो की बदलतो? आग प्रश्न बदलते. भ्रम तर प्रश्नच निर्माण करतो, म्हणून मला भ्रमाचे मंत्र सगळ्यांत प्रिय. मनातलं ओळखणारा मंत्र प्रश्न संपवतो, कारण मग त्या दरबाऱ्याशी गोड बोलून गुपित काढणाऱ्या पात्राला काय उरलं? दूर उडी मारून पोचवणारा मंत्र संपूर्ण प्रवास गिळतो. उडण्याच्या मंत्राचं मला अजून नीट जमलेलं नाही. दरी, भिंत, नदी, सगळं एका वाक्यात मागे पडतं, आणि त्याला घातलेली प्रत्येक अट जबरदस्तीची वाटते.

2014 च्या आवृत्तीतल्या दोन बारीक दुरुस्त्या मी या प्रश्नाच्या उजेडात पुन्हा वाचल्या आणि मला त्या लिहिणाऱ्यांना भेटावंसं वाटलं. एक एकाग्रतेची. टिकून राहणारे बरेचसे मंत्र धरून ठेवावे लागतात, एका वेळी एकच. आणि घाव बसला की एकाग्रता टिकते का ते फाशानं ठरतं. 10 किंवा बसलेल्या घावाच्या निम्मं, जे जास्त असेल ते गाठायचं. आता जादूगाराला घाव बसू न देणं ही योद्ध्याची कामगिरी झाली. मंत्र जादूगाराचा, पण तो टिकवला योद्ध्यानं. दुसरी दुरुस्ती आमच्या कुलपाची. 'नॉक' अजूनही कुलूप हमखास उघडतो, पण आता दारावर एक मोठी थाप ऐकू येते, 300 फुटांपर्यंत. बस, एवढंच. दार उघडलं, पण कोणी ऐकलं? चोराचे हात पुन्हा लाखमोलाचे झाले, कारण ते आवाज करत नाहीत.

याहून वेगळ्या टोकाला 1987 चा 'आर्स मॅजिका' हा खेळ आहे. त्यातली जादू भाषेसारखी आहे: पाच क्रिया आणि दहा विषय, क्रियेला विषय जोडला की मंत्र. निर्माण कर अधिक अग्नी, बदल अधिक देह. पन्नास जोड्या, आणि त्यांतून न संपणारे मंत्र. त्यात समतोल अजिबात नाही आणि तसा दावाही नाही. जादूगार बाकीच्यांपेक्षा अफाट बलवान आहेत. मग खेळाडूंनी काय करायचं, तर आळीपाळीनं खेळायचं. आज तुझा जादूगार मोहिमेवर जाईल, आणि आम्ही त्याचे सोबती आणि शिपाई होऊ. पुढच्या वेळी माझा. पात्रांना समान न करता माणसांना समान केलं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. आमच्या गटाला मात्र एकच पात्र जिवाभावाचं लागतं, दर आठवड्याला ते बदलणं त्यांना पटेना, म्हणून मी तो मार्ग घेतला नाही.

चौथ्या मसुद्यात कुलपाचा मंत्र मी शेवटी लिहिला. दोन वाटा ठेवल्या. जादूगार एकटा असेल तर मंत्र कुलूप फोडतो: आवाज होतो, आणि ते कुलूप पुन्हा कधीच बंद होत नाही, म्हणजे मागे कोणीतरी येऊन गेल्याची खूण राहते. पण हात कुशल असलेलं कोणी सोबत असेल तर मंत्र फोडत नाही, दाखवतो. जादूगाराला कुलपाचं पोट आतून दिसतं आणि तो जे सांगेल त्याप्रमाणे दुसऱ्यानं हात चालवायचा. फासा हात चालवणाऱ्याचा, फक्त एक ऐवजी दोन टाकायचे आणि चांगला तो घ्यायचा.

हा नियम टेबलावर यायला दोन महिने लागले, कारण मी मुद्दाम कुलूप आणलं नाही. त्यांचं तेच एका तळघरात जाऊन पोचले. वरच्या मजल्यावर पहारेकरी झोपलेले, समोर लोखंडी पेटी. मित्रानं नियमाचा कागद वाचला, मग मैत्रिणीकडे बघितलं.

"आत चार लिव्हर आहेत," तो म्हणाला. हे मी सांगितलं नव्हतं, त्यानं मनानं जोडलं. "तिसरा अडकलाय. गंजलाय बहुतेक."

"किती गंजलाय?"

"बराच. जोर लावलास तर मोडेल."

तिनं पात्राचा कागद पुढे ओढला, यादीवरून बोट खाली नेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबली. "माझ्याकडे तेल आहे," ती म्हणाली, आणि दोन्ही फासे उचलले.